रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी...

म्हैसूर शहरातून टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागलं, की दहा-बारा किलोमीटरवर वरुणा नावाचं गाव लागतं. बाजूला मोठं तळं, आसपास शेती आणि शहराकडून दरवर्षी पुढे सरकत येणाऱ्या नव्या वसाहती. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक आहे ते राजकारणामुळे. २००८ साली वरुणा हा नवा विधानसभा मतदारसंघ तयार झाला. सिद्धरामय्या तिथून निवडून आले आणि हे नाव देशभर पोहोचलं.

पण या गावाची आणखी एक ओळख आहे. ती निवडणुकीच्या निकालात सापडत नाही. त्यासाठी १८९४ साली छापलेला एक जाडजूड ग्रंथ उघडावा लागतो. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या मालेचा हा तिसरा खंड. त्यात म्हैसूर, श्रीरंगपट्टण, मंड्या, नंजनगूड, नरसीपूर अशा तालुक्यांतले शिलालेख गावागणिक नोंदलेले आहेत. वरुण्याच्या नावाखाली वीरगळांवरचे लेख आहेत. सुमारे हजार वर्षांपूर्वी या भागात चालुक्य कुळाशी नातं सांगणारे सामंत नांदत होते आणि त्यांच्या बाजूने लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी हे दगड उभे राहिले.

वीरगळ महाराष्ट्राला नवे नाहीत. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे, कधी पाराला टेकवलेले ते आपल्याकडेही दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. त्यामुळे तो कोण, कोणासाठी लढला, हे कळायला मार्ग नाही. कर्नाटकात अनेक वीरगळांवर मजकूर कोरलेला असतो आणि तो मजकूर वाचून, छापून ठेवणारा एक माणूस तिथे होऊन गेला.

नऊ हजार लेखांचा ग्रंथ

त्याचं नाव बेंजामिन लुईस राइस. जन्म १८३७ चा, बंगळूरचाच. वडील मिशनरी. मुलगा कानडी ऐकतच मोठा झाला. म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्यात नोकरी करता करता त्याला शिलालेखांचा नाद लागला आणि पुढे पुराणवस्तू संशोधनाचं खातंच त्याच्याकडे आलं. १८८६ ते १९०५ या काळात त्याने आणि त्याच्या हाताखालच्या पंडितांनी १२ खंड प्रसिद्ध केले. त्यात सुमारे नऊ हजार लेख आहेत.

हे काम कसं चालायचं? दगड धुऊन स्वच्छ करायचा. त्यावर ओला कागद चिकटवायचा. ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाचेतलं अक्षर पांढरं राहतं, बाकी कागद काळा होतो. असा ठसा घेऊन गावोगाव हिंडायचं, बैलगाडीने, घोड्यावरून, पायी. आज हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय झालं ते पाहा. रस्ते रुंद झाले, तळी बुजली, शेतांचे प्लॉट पडले. कुठला दगड घराच्या पायात गेला, कुठला ओढ्यावर फरशी म्हणून पडला. राइसने नोंदलेले कितीतरी लेख आज जागेवर सापडत नाहीत. दगड गेला, कागद राहिला! म्हैसूर विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून या मालेची सुधारित आवृत्ती काढली, तीही त्या जुन्या खंडांच्या आधारानेच.

कानडी मुलखातला मराठीचा दाखला

यात मराठी माणसाचं काय, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर याच मालेच्या दुसऱ्या खंडात आहे. तो १८८९ सालचा, श्रवणबेळगोळच्या लेखांचा. म्हैसूरपासून ८०-८५ किलोमीटरवरच्या या तीर्थक्षेत्री गोमटेश्वराच्या पायाशी कानडी आणि तमिळ लेखांच्या जोडीला एक मराठी लेख आहे. मूर्ती चावुंडराजाने करवली, असं तो सांगतो. शाळेत मराठीचा सर्वांत जुना शिलालेख म्हणून अनेक पिढ्यांनी पाठ केला तो हाच.

पुढे अभ्यासकांत वाद झाला. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची; पण मराठी अक्षरं तेव्हाचीच, की गंगराजाने बाराव्या शतकात भोवतालचं बांधकाम केलं तेव्हाची? अलिबागजवळच्या अक्षीचा १०१२ सालचा लेख त्याहून जुना का? शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ सालच्या ग्रंथात असे लेख एकत्र करून तपासले. आपली भाषा किती जुनी, हा प्रश्न आपण अभिमानाने विचारतो. त्याचं उत्तर मात्र घोषणांत मिळत नाही. ते अशा धूळ बसलेल्या खंडांत, ठशांत आणि तळटिपांत मिळतं.

मिरजेच्या शास्त्रीबुवांचं वेड

म्हैसूरच्या मुलखाशी मराठ्यांचं नातं तलवारीचंही आहे. १६३८ च्या सुमारास शहाजीराजे बंगळूरला आले. १६६४ साली होदिगेरे इथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी आजही तिथे आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी थोरले माधवराव पेशवे हैदरअलीवर चालून गेले. मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव पेठ्यांनी मोती तलावाजवळ, चिनकुरळीच्या लढाईत हैदरचा मोठा पराभव केला. ही जागा आजच्या पांडवपुरा तालुक्यात, म्हैसूरपासून काही तासांच्या नव्हे, काही मिनिटांच्या टप्प्यात येते!

या मोहिमांची खरी हकिकत आपल्याला कोणी दिली? मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी. पटवर्धन सरदार या स्वाऱ्यांत होते. छावणीतून त्यांनी घरी आणि पुण्याला पाठवलेल्या पत्रांची दप्तरं मिरजेच्या परिसरात पडून होती. मोडी लिपीतली ती पत्रं खरेशास्त्र्यांनी शाळेची नोकरी सांभाळून वाचली, निवडली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतली. १९२४ साली त्यांचं निधन झालं, तोवर त्यांचे १२ भाग झाले होते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. म्हणजे ही मंडळी एकाच वेळी, एकाच वेडाने झपाटलेली होती.

युद्धाचा इतिहास म्हटला की आपल्याला तोफा आणि तलवारी आठवतात. जुने ग्रंथ वेगळंच काही दाखवतात. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणासमोरून माघारी फिरला. बैल मेले होते, दाणागोटा संपला होता, मोठ्या तोफा स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या होत्या. अशा वेळी मेलकोट्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर आला बाजार! चालतं-फिरतं शहरच ते. उपाशी इंग्रजी फौजेला धान्य मिळालं, अर्थात चढ्या भावाने. कर्नल मार्क विल्क्स याने तीन खंडांच्या इतिहासात (१८१० ते १८१७) या बाजाराचं वर्णन केलंय. विलायती कापड, चाकू, काश्मिरी शाली, हिरे आणि त्याच ढिगात कुठल्यातरी लुटलेल्या गावातल्या गरीब मुलीच्या कानातलं चांदीचं भूषण.

विल्क्स काही मराठ्यांचा मित्र नव्हता, टिपूचा तर नव्हताच. त्याचं सगळंच खरं मानू नये. पण त्या मुलीचं कानातलं वाचकाच्या मनातून जात नाही. विजयाची बखर लिहिणारा तिकडे सहसा बघत नाही.

न आवडणारी पानंही हवीत

त्याच १७९१ सालात परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेचं स्थान, शंकराचार्यांचं पीठ! आणि त्यानंतर मठाच्या मदतीला टिपू सुलतान धावला. ही गोष्ट उजेडात आली ती म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांच्यामुळे. राइसच्या पाठोपाठ त्या जागेवर आलेल्या या विद्वानाला १९१६ साली शृंगेरीच्या मठात टिपूची कानडी पत्रं सापडली.

मराठी वाचकाला हे वाचताना बरं वाटत नाही. टिपूला केवळ राक्षस मानणाऱ्यालाही वाटत नाही आणि त्याला केवळ संत मानणाऱ्याने कूर्ग आणि मलबारची पानं उघडली, तर त्यालाही वाटणार नाही. जुन्या साधनग्रंथांचं मोल नेमकं इथेच आहे. ते कोणाचीच मर्जी राखत नाहीत. आज मोबाइलवर इतिहासाच्या नावाने दोन ओळींचे निरोप फिरतात. त्यांना विचारावा असा एकच प्रश्न आहे: कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर? ज्या घरात, ज्या गावात तो ग्रंथच उरला नाही, तिथे हा प्रश्न विचारून तरी काय उपयोग?

आपली माणसं कुठून कुठे गेली

फौजा परतल्या, पण सगळी माणसं परतली नाहीत. कारकून, शिंपी, रंगारी, शिलेदार, भिक्षुक अशी कितीतरी कुटुंबं दक्षिणेत राहिली. तंजावरला तर भोसल्यांचं राज्यच होतं. म्हैसूरच्या दरबारात हैदर-टिपूच्या काळात महसुलाचे हिशेब कानडी आणि फारसीबरोबर मराठीतही ठेवले जात. पुढे १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव हे तंजावरी मराठी परंपरेतले. नामदेव शिंपी आणि भावसार समाजाची कुटुंबं आजही म्हैसूर-बंगळूरला आहेत. घरात एक मराठी बोलतात, जी पुण्याच्या पाहुण्याला अर्धी कळते, अर्धी नाही.

या स्थलांतराची नोंद कुठे? थर्स्टन आणि रंगाचारी यांचे दक्षिणेतल्या जाती-जमातींवरचे सात खंड १९०९ साली आले. एच. व्ही. नंजुंडय्या आणि एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांचे म्हैसूरच्या जाती-जमातींवरचे चार खंड त्यानंतर, १९२८ पासून. सी. हयवदनराव यांचं म्हैसूर गॅझेटियर १९२७ ते १९३० मधलं. कोण कुठून आलं, कुलदैवत कोणतं, लग्नात काय रीत, घरात भाषा कोणती, असं सगळं त्यांत आहे.

हे ग्रंथ जपून वाचावे लागतात, हेही सांगितलं पाहिजे. थर्स्टन माणसांच्या नाकांची मोजमापं घेत हिंडत असे आणि त्यावरून वंश ठरवायला बघत असे. ते शास्त्र आज मोडीत निघालं आहे. एखाद्या जातीवर सरसकट मारलेले शिक्केही त्या काळच्या साहेबी नजरेचे. पण आजीने सांगितलेली कुलदैवताची गोष्ट आणि शंभर वर्षांपूर्वीची छापील नोंद जेव्हा एकमेकींशी जुळतात, तेव्हा चौथ्या पिढीतल्या नातवाला आपलं मूळ गाव सापडतं. हा आनंद ज्याने घेतला, त्याला जुन्या ग्रंथाला ‘जागा अडवणारं सामान’ म्हणवत नाही.

शेअर विकून काढलेला कोश

आणि मग येतात कोश. मराठी घरांत पूर्वी एक काचेचं कपाट असे. त्यात ज्ञानेश्वरी, पंचांग आणि सधन घर असेल तर ज्ञानकोशाचे खंड. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी ठरवलं, मराठीत ज्ञानकोश करायचा. पैसा? त्यासाठी कंपनी काढली, शेअर विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार गोळा केले. १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड बाहेर पडले. त्यानंतर पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ केला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्याचा पहिला खंड १९७६ चा.

कानडीतही हेच वेड दिसतं. शिवराम कारंत यांनी १९३६ साली मुलांसाठी तीन खंडांचा ‘बालप्रपंच’ केला, जवळजवळ एकहाती. म्हैसूर विद्यापीठाने कन्नड विश्वकोश हाती घेतला आणि १९६९ साली त्याचा पहिला खंड आला.

मग २०१२ साली बातमी आली. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ने छापील आवृत्ती कायमची बंद केली. २०१० सालची ३२ खंडांची आवृत्ती शेवटची ठरली. त्या बातमीनंतर अनेकांनी घरातल्या कोशांकडे नव्या नजरेने पाहिलं. म्हणजे किलोच्या भावाने!

सगळं इंटरनेटवर आहे की!

हा युक्तिवाद खोटा नाही. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश संगणकावर वाचता येतात. राइसचे खंडही स्कॅन झाले आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांसाठी मोकळा होतो. त्यामुळे केतकर, राजवाडे, खरे यांचं लेखन कोणालाही वापरता येतं. दूर अमेरिकेत बसलेल्या मराठी मुलीला हे सारं एका बोटावर मिळतं, ही केवढी सोय!

पण स्कॅन करणारा घाईत असतो. घडी घातलेला नकाशा तो उलगडतोच असं नाही. पान चिकटलेलं असेल, तर पुढे जातो. शिवाय आपल्या घरातल्या प्रतीत जे असतं, ते दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नसतं. पहिल्या कोऱ्या पानावर पणजोबांनी लिहिलेल्या मुलांच्या जन्मवेळा, समासातली टीप, पानांत दडलेलं जुनं पत्र, एखादा मोडी कागद. तो कागद रद्दीत गेला, तर त्याची दुसरी प्रत जगात नाही.

एका पोथीने काय होतं, याचं उदाहरण म्हैसूरइतकं ठळक दुसरीकडे मिळणार नाही. १८९१ साली तिथे प्राच्य ग्रंथालय सुरू झालं. तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने तिथे ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०५ साली ती ओळखली. तो होता कौटिल्याचा अर्थशास्त्र! तोवर या ग्रंथाचे दुसऱ्यांच्या लेखनातले उल्लेखच माहीत होते. १९०९ साली त्यांनी तो छापला आणि प्राचीन भारताच्या राज्यकारभाराचा इतिहास नव्याने लिहावा लागला. त्या पंडिताने ती पोथी माळ्यावरच राहू दिली असती तर?

काय ठेवावं, काय द्यावं

घर लहान असतं, माणसं वाढतात, हे खरंच आहे. सगळं ठेवा, असं कोणी म्हणणार नाही. म्हणून थोडा विवेक हवा.

शाळेचे जुने गाइड, दरवर्षी बदलणाऱ्या माहितीच्या डायऱ्या खुशाल द्या. पण गावाचा, घराण्याचा, जातीचा किंवा देवस्थानाचा छोटासा इतिहास असेल, तर आधी थांबा. अशी पुस्तकं दोन-तीनशे प्रतींत निघतात आणि मोठ्या ग्रंथालयांतही नसतात. लष्करी पलटणींचे इतिहास, संस्थानांचे अहवाल, गॅझेटियर, शताब्दीच्या स्मरणिका यांचंही तसंच. कोशाचा एखादाच खंड असेल, तरी टाकू नका. कुठल्यातरी ग्रंथालयाचा संच नेमका त्याच खंडावाचून अपुरा असतो.

ठेवायचं ठरलं, तर पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नयेत. ओल लागते, वाळवी धरते. पावसाळ्यानंतर सावलीत, वाऱ्यावर उघडी करावीत. कडक उन्हात कागद कडकडीत होतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. सुटी पानं स्वच्छ सुती कापडात बांधावीत. आपल्या पूर्वजांची दप्तरं दोन-दोनशे वर्षं अशा रुमालांतच टिकली.

द्यायचं ठरलं, तर आधी विचारून द्यावं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा संस्थांना ग्रंथांची यादी कळवावी. त्यांनाही जागेची अडचण असते. त्यांच्याकडे असलेलंच पुस्तक पुन्हा नेऊन टाकण्यात अर्थ नाही. मोडी कागद असतील, तर देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत.

आणि संस्था म्हणजे मोठी इमारतच हवी असं नाही. ज्या पांडवपुरा तालुक्यात मोती तलावाची लढाई झाली, त्याच तालुक्यात हरळहळ्ळी गावी अंके गौडा यांचं ‘पुस्तक मने’, म्हणजे पुस्तकांचं घर उभं आहे. एके काळी बस कंडक्टर असलेल्या या माणसाने पगारातून लाखो पुस्तकं जमवली आणि कोणीही यावं, वाचावं म्हणून दार उघडं ठेवलं. उलट २०२१ साली म्हैसूरच्या राजीवनगरमध्ये एका मजुराने मेहनतीने उभारलेलं वाचनालय आगीत जळालं. हजारो पुस्तकांची एका रात्रीत राख झाली. बांधायला आयुष्य लागतं, जायला एक ठिणगी पुरते.

आपल्या घरात ठिणगीही लागत नाही. ‘हा पसारा एकदाचा काढून टाका’ एवढं एक वाक्य पुरतं. ते वाक्य तोंडातून जाण्यापूर्वी एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी माळ्यावरची पुस्तकं खाली घ्यावीत. धूळ झटकावी. मुलांना पहिलं पान उघडायला सांगावं: नाव कोणाचं आहे, साल कोणतं आहे, अक्षर कोणाचं आहे? आजी-आजोबा असतील, तर त्यांना शेजारी बसवावं. एवढं करून मग जे द्यायचं ते द्यावं. निदान आपण काय दिलं, हे तरी आपल्याला ठाऊक असेल.